मोबाइलच्या लहरी : भ्यावे किती, जपावे किती



आज आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत, ते अगदी जवळच्या एका वस्तूविषयी. जवळची म्हणजे किती जवळची? कुणाच्या सदऱ्याच्या खिशात ती आहे, कुणाच्या कमरेला आहे, कुणा ताईंच्या पिशवीत आहे. रात्री ती उशाशी असते. सकाळी डोळे उघडले की आधी तिच्याकडे हात जातो. ही वस्तू म्हणजे मोबाइल.

आमची मंडळी वर्गांच्या निमित्ताने गावोगाव जातात. वर्ग संपला की लोक थांबतात आणि मनातले विचारतात. त्यात मोबाइलविषयी दोन तऱ्हेची बोलणी हटकून निघतात. एक जण म्हणतो, “गुरुजी, गावात टॉवर उभा राहतोय. त्याच्या लहरींनी म्हणे कॅन्सर होतो. आम्ही तो होऊ द्यावा का?” दुसरा लगेच म्हणतो, “छे हो! काही होत नाही. आमचा पोरगा रात्रभर मोबाइल छातीवर ठेवून झोपतो. काय झालं त्याला?”

एकाला फार भीती. दुसऱ्याला मुळीच नाही. आमचे सांगणे असे की, भीतीलाही माप असावे आणि काळजीलाही माप असावे. धान्य आपण मापून घेतो. मग भीतीच तेवढी न मापता का घ्यावी?

आधी लहरी म्हणजे काय, ते पाहू. तळ्यात खडा टाकला की पाण्यावर लाटा उठतात. त्या पसरत पसरत काठाला लागतात. अशाच लाटा विजेच्या साहाय्याने हवेतून, मोकळ्या जागेतूनही पाठवता येतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, कानांना ऐकू येत नाहीत. त्यांनाच रेडिओ लहरी म्हणतात. जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्याला लोकांसमोर या लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईला रेडिओचे केंद्र सुरू झाले. म्हणजे या लहरी काही काल-परवा आपल्या घरात शिरलेल्या नाहीत. आपल्या आज्या-पणज्यांनीही त्यांच्यावर भजने ऐकली आहेत.

पण रेडिओ आणि मोबाइल यांच्यात एक मोठा फरक आहे. रेडिओ फक्त ऐकतो. मोबाइल ऐकतोही आणि बोलतोही. आपण त्याच्यात बोललो की तो आपले बोलणे लहरींवर घालून टॉवरकडे पाठवतो. आपण बोलत नसलो तरी अधूनमधून तो टॉवरला “मी इथं आहे” असे कळवतच असतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद गावी एक प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्या मिळून ती झालेली आहे. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण लहरी ती टिपते. तिथे पाहुण्यांना मोबाइल बंद ठेवायला सांगतात. कारण खिशातल्या मोबाइलचे हे हळूच बोलणेसुद्धा तिला मोठा गलका वाटते.

तर मोबाइल स्वतः लहरी सोडतो, ही गोष्ट खरी. आता त्या लहरी आपल्या अंगाचे काय करतात?

लहरींच्या दोन जाती ध्यानात ठेवा. एक जात फोडणारी, दुसरी तापवणारी. दवाखान्यातल्या एक्स-रेच्या लहरी फोडणाऱ्या जातीच्या आहेत. त्या शरीरातल्या बारीक कणांची मोडतोड करू शकतात. म्हणून डॉक्टर गरज असेल तेव्हाच एक्स-रे काढतात आणि फोटो काढणारा माणूस भिंतीआड उभा राहतो. मोबाइलच्या लहरी तेवढ्या जोराच्या नाहीत. त्यांना फोडता येत नाही. त्यांचा ठाऊक असलेला परिणाम म्हणजे ऊब. फार जोराने आणि फार जवळून लागल्या तर त्या अंग तापवतात.

कुणी म्हणेल, “हां, बरोबर! अर्धा तास बोललं की कान कढत होतो.” त्या उबेतला मोठा भाग लहरींचा नसतो. मोबाइलची बॅटरी आणि आतले भाग तापतात, आणि कान दाबून धरल्यामुळे त्याला वारा लागत नाही. लहरींची ऊब त्या मानाने फार थोडी असते. तरीही ती मर्यादेत राहावी म्हणून सरकारने माप ठरवून दिले आहे. त्या मापाकडे आपण पुढे येऊ.

आता टॉवर आणि मोबाइल यांची तुलना करू. टॉवर उंच, लोखंडी, वर दिवा लुकलुकणारा. त्याची भीती वाटते. मोबाइल तळहाताएवढा, म्हणून त्याची भीती वाटत नाही. पण चुलीचा चटका चुलीच्या आकारावर ठरत नाही. तिच्याजवळ किती बसलात, यावर ठरतो. होळी केवढी मोठी पेटते! पण पन्नास पावलांवर उभे राहिले तर अंगाला धग लागत नाही. आणि साधी काडेपेटीची काडी बोटाजवळ आली तर बोट पोळते.

लहरींचेही ढोबळमानाने तसेच आहे. कंदिलापासून दुप्पट लांब गेलात की उजेड चौथाईवर येतो. तिप्पट लांब गेलात की नवव्या हिश्शावर येतो. टॉवरचा जोर मोबाइलपेक्षा पुष्कळ जास्त, हे खरे. मोबाइल अगदी ओरडून बोलला तरी त्याचा सरासरी जोर पाव वॅटच्या आसपास असतो. पण टॉवर शंभर-दोनशे मीटर लांब आहे, आणि मोबाइल कानाला चिकटलेला आहे. म्हणून आपल्या डोक्याला टॉवरच्या लहरींपेक्षा स्वतःच्या मोबाइलच्या लहरी कितीतरी जास्त मिळतात. भीतीने आपण वर बघतो, आणि बघण्यासारखी वस्तू असते आपल्याच हातात.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. ओढ्याच्या अलीकडचा माणूस पलीकडच्याशी कसा बोलतो? घसा ताणून. आणि शेजारी बसलेल्याशी? हळू. मोबाइलही तसाच आहे. टॉवर जवळ असला, मोबाइलवर सगळ्या दांड्या दिसत असल्या, की तो हळू बोलतो. त्याचा जोर आपोआप कमी होतो. टॉवर लांब गेला, एकच दांडी उरली, की तो ओरडू लागतो. त्याचा जोर वाढतो, बॅटरी लवकर उतरते, आणि लहरीही जास्त सुटतात.

आता विचार करा. एका गावाने भीतीपोटी टॉवर होऊ दिला नाही. म्हणजे काय झाले? टॉवर पाच कोसांवर राहिला. आता गावातला प्रत्येक मोबाइल प्रत्येकाच्या कानाशी ओरडतो. ज्या लहरी नको म्हणून भांडण केले, त्याच डोक्याजवळ वाढवून घेतल्या. आणि रात्री एखाद्या सुनेला कळा लागल्या, कुणाला पान लागले, तर १०८ नंबरला फोन लावायचा, आणि फोन काही लागत नाही. वहिनी अंगणात फोन उंच धरून फिरतात आणि घरात माणूस तळमळत पडते. न मापलेल्या भीतीची किंमत ही अशी मोजावी लागते.

याचा अर्थ टॉवरपाशी कसेही वागावे, असा नव्हे. टॉवरच्या वर लांबट पेट्यांसारखे जे भाग बसवलेले असतात, ते अँटेना. त्यांचा झोत विजेरीच्या झोतासारखा समोर पडतो. खाली टॉवरच्या पायथ्याशी तो फारसा येत नाही. पण अँटेनाच्या अगदी समोर, तिच्याच उंचीवर जाऊन उभे राहणे धोक्याचे. शहरात इमारतीच्या गच्चीवर अँटेना असतात. तिथे कुंपण आणि धोक्याची पाटी असते. कुंपणाच्या आत जाऊन कपडे वाळत घालू नयेत, पतंग काढायला मुलांना चढू देऊ नये. ही पाटी वाचता येणे हासुद्धा अक्षरओळखीचा उपयोगच आहे. आपल्या टॉवरविषयी शंका असली तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडे विचारता येते. त्या विभागाने २०१७ साली ‘तरंग संचार’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. ठराविक शुल्क भरून लहरी मोजून मागण्याची सोय त्यावर केलेली आहे. अफवेपेक्षा मोजणी बरी.

आता कॅन्सरची गोष्ट. ती टाळून चालणार नाही, कारण मनात तीच असते.

जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी एक संस्था आहे. कोणत्या वस्तूने कॅन्सर होतो, याची ती छाननी करते आणि वस्तूंचे गट पाडते. पहिला गट म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या वस्तूंचा. दुसऱ्या गटाचे दोन भाग आहेत. एकात बराच संशय असलेल्या वस्तू, दुसऱ्यात थोडा संशय असलेल्या वस्तू. २०११ च्या मे महिन्यात या संस्थेने मोबाइलच्या लहरी थोडा संशय असलेल्या भागात घातल्या. कोरफडीच्या सबंध पानाचा अर्कही पुढे त्याच भागात गेला. लोकांनी त्या वेळी एवढेच ऐकले की, “मोबाइलनं कॅन्सर होतो, असं मोठ्या संस्थेनं सांगितलं.” तसे तिने सांगितले नव्हते. पुरावा अपुरा आहे, पण लक्ष ठेवले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ होता.

त्यानंतरही शास्त्रज्ञ स्वस्थ बसले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने एक मोठा आढावा करवून घेतला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. १९९४ पासून २०२२ पर्यंतचे ६३ अभ्यास त्यात एकत्र तपासले. मोबाइल वापरणे आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध त्यात आढळला नाही. दहा-दहा वर्षे आणि त्याहून जास्त मोबाइल वापरणाऱ्यांतही आढळला नाही.

मग नक्की कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात काय आहे? त्यात तंबाखू आहे. विडी-सिगारेटचा धूर आहे. दारू आहे. नुसती सुपारीसुद्धा आहे. मंडळी, हे ऐकून काही जण हळूच एकमेकांकडे पाहतील, हे आम्हाला ठाऊक आहे. पारावर बसून, तळहातावर तंबाखू मळता मळता, “या टॉवरनं गावाचं वाटोळं होणार बघा,” असे सांगणारे आबा आम्ही पुष्कळ गावांत पाहिले आहेत. आबांचा मान राखून आम्ही एवढेच म्हणतो : आबा, धोका टॉवरवर नाही, तुमच्या चिमटीत आहे.

दुसरी एक अफवा २०२१ साली पसरली. फाइव्ह जी नावाच्या नव्या मोबाइलच्या लहरींनी करोना पसरतो, असे लोक एकमेकांना पाठवत होते. त्या वर्षी मे महिन्यात सरकारने खुलासा केला की, देशात त्या लहरींच्या चाचण्याच अजून सुरू झालेल्या नाहीत. फाइव्ह जीची सेवा भारतात सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ रोजी. जी गोष्ट आली नव्हती, तिने रोग पसरवला कसा? तारखा शेजारी शेजारी मांडल्या असत्या, तर अफवा तिथेच विरली असती.

आता ते सरकारी माप. त्याचे नाव इंग्रजी अक्षरांत ‘एस ए आर’ असे लिहितात. लोक त्याला ‘सार’ म्हणतात. हे जेवणातले सार नव्हे बरं का! मोबाइलच्या लहरींतून आपल्या अंगात किती ऊर्जा मुरते, त्याचे हे माप. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात नियम आहे की, हे माप एका किलोला १.६ वॅटच्या वर असता कामा नये. मोबाइल पूर्ण जोराने ओरडत असताना, माणसाच्या डोक्याच्या आकाराच्या साच्यात खास द्रव भरून ते प्रयोगशाळेत मोजतात. रोजच्या वापरात मोबाइल बहुधा इतका ओरडत नाही.

आपल्या मोबाइलचा आकडा त्याच्या खोक्यावर किंवा आतल्या पुस्तिकेत छापलेला असतो. पुष्कळ मोबाइलवर तो दाबूनही पाहता येतो. आधी चांदणीची खूण, मग जाळीची खूण, मग ०७, आणि पुन्हा जाळी. पडद्यावर आकडे येतात.

इथे एक हिशेब शिकून ठेवा. समजा, आकडा आला १.१९. कुणी घाबरून म्हणेल, “एकोणीस म्हणजे सहापेक्षा जास्त झाले की!” तसे नाही. पैशांत मोजा. १.१९ म्हणजे एक रुपया एकोणीस पैसे. १.६ म्हणजे एक रुपया साठ पैसे. जास्त कोणते? साठ पैसेवाले. म्हणजे आपला मोबाइल मापाच्या आत आहे. ०.९८ आला तर तो रुपयाच्याही आत. आणि आणखी एक : १.१९ वाला वाईट आणि ०.९८ वाला चांगला, असे भांडू नका. मापाच्या आत असलेले दोन्ही पास. ज्या मोबाइलवर, खोक्यावर कुठेच काही छापलेले नाही, असा बेनावाचा, बिनपावतीचा मोबाइल मात्र स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. त्याची मोजणी कुणी केली, हे कुणीच सांगू शकणार नाही.

तुम्ही म्हणाल, धोका सिद्ध झालेला नाही, मग काळजी तरी कशाला? कारण या काळजीला पैसा पडत नाही आणि कष्टही पडत नाहीत. पाणी गाळून घेताना आपण प्रत्येक वेळी जंतू पाहून गाळत नाही. शिवाय लहान मुलांना अजून पुष्कळ वर्षे मोबाइल वापरायचा आहे. दूरसंचार विभागानेही लोकांसाठी सूचना दिल्या आहेत. त्यांतल्या सोप्या तेवढ्या आम्ही सांगतो.

पहिली गोष्ट अंतराची. मोबाइल कानावर दाबून धरू नका. लांबलचक बोलायचे असेल तर स्पीकर लावा, किंवा वायरची कानातली बोंडे वापरा. बोटभर अंतरानेही फरक पडतो. मात्र रस्त्यावर, मोटारसायकलवर आणि रेल्वेच्या रुळांपाशी कानांत बोंडे घालू नका. लहरींपासून वाचायचे आणि गाडीखाली यायचे, हा कुठला शहाणपणा!

दुसरी गोष्ट दांड्यांची. एकच दांडी दिसत असेल, तर लांबण लावू नका. काम सांगा आणि ठेवा. किंवा चार अक्षरे लिहून संदेश पाठवा. आता तुम्हाला लिहिता येते! उघड्यावर, खिडकीपाशी, जिथे दांड्या जास्त, तिथे जाऊन बोला. फोन लागेपर्यंत तो कानाला लावू नका.

तिसरी गोष्ट ठेवण्याची. पुष्कळ बायाबापड्या मोबाइल पोलक्यात खोचतात. पुरुष सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवतात. मोबाइल अंगावर बाळगला तर किती लहरी मुरतात, हे मोजताना तो अंगापासून थोडा सुटा धरलेला असतो. कातडीला चिकटवून नव्हे. म्हणून पिशवीत ठेवा, कमरेच्या बटव्यात ठेवा. बॅटरी तापली तर कातडीलाही तेच बरे. रात्री उशाखाली न ठेवता फळीवर ठेवा. फळी दोन हात लांब असली तरी पुरे. घंटा ऐकू येते.

चौथी गोष्ट मुलांची. रडते म्हणून तान्ह्याच्या हातात मोबाइल देऊ नका. मुलाला आजोबांशी बोलायचे असेल तर स्पीकर लावून बोलू द्या.

पाचवी गोष्ट काही जणांपुरतीच आहे, पण फार महत्त्वाची. ज्यांच्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारे यंत्र, म्हणजे पेसमेकर बसवलेले आहे, त्यांनी मोबाइल त्या यंत्रापासून १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर तरी लांब ठेवावा. वरच्या खिशात कधीच ठेवू नये. यंत्र डाव्या बाजूला असेल तर फोन उजव्या कानाला लावावा. घरात असे कुणी असेल तर त्यांना हे आजच सांगा.

बाजारात एक चिकटपट्टी मिळते. ती मोबाइलला लावली की लहरी थांबतात, असे विकणारा सांगतो. तिच्यावर पैसे घालवू नका. लहरी खरोखर थांबल्या तर फोन लागणारच नाही. आणि अर्ध्या अडवल्या, तर टॉवरपर्यंत पोचायला मोबाइल जास्तच ओरडेल. अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगानेही आपल्या लोकांना हाच इशारा दिलेला आहे. दोन हात अंतर फुकट मिळते. ते सोडून पट्टी कशाला?

एवढे बोलून आम्ही थांबतो. पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या मोबाइलचे खोके घेऊन यावे. खोके चुलीत गेले असेल तर पुस्तिका आणावी, तीही नसेल तर मोबाइल आणावा. बारीक अक्षरांतला तो आकडा आपला आपण शोधायचा, फळ्यावर आपल्या हाताने लिहायचा, आणि शेजारी १.६ मांडून लहान-मोठा ठरवायचा. ज्यांना चष्मा लागतो त्यांनी चष्मा आणायला विसरू नये.